अडीचशे शब्दांचं मत

काही लोकांना वाटतं, म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी मुलांनी घ्यावी. इतरांना वाटतं, ती जबाबदारी सरकारची आहे. दोन्ही बाजूंची चर्चा करा आणि तुमचं मत द्या.

हा प्रश्न मी नमुन्यादाखल रचलाय, पण ज्यांनी आयईएलटीएसची तयारी केलीय त्यांना त्याची चाल लगेच ओळखू येईल. रायटिंगच्या पेपरातला हा ‘टास्क टू’. किमान २५० शब्द, सुचवलेला वेळ ४० मिनिटं, पहिल्या टास्कच्या दुप्पट वजन. दरवर्षी जगभरात लाखो लोक असा निबंध लिहितात. तो परीक्षकाकडे जातो, त्याला बँड मिळतो आणि तिथंच त्याचं आयुष्य संपतं. तपासलेला निबंध लिहिणाऱ्यालाही परत मिळत नाही.

इतक्या लोकांनी लिहिलेला आणि इतक्या कमी लोकांनी वाचलेला दुसरा गद्यप्रकार मला तरी माहीत नाही. आपण कवितेवर, कादंबरीवर, हल्ली वेबसिरीजवरही समीक्षा लिहितो. या निबंधावर मात्र फक्त ‘टिप्स’ लिहिल्या जातात. टिप्स मला द्यायच्या नाहीत. ऑफिस सुटल्यावर लॅपटॉपवर या परीक्षेची तयारी करताना मी नमुना-निबंधांचा ढीग वाचला, बरेच लिहिले, आणि आता मित्रमैत्रिणींचे तपासून देतो. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होत गेली. या निबंधात जे बिघडलंय, ते परीक्षेनं जितकं बिघडवलं त्याहून जास्त परीक्षेच्या तयारीनं बिघडवलंय. आणि ते बिघडणं आपल्या इंग्रजीपेक्षा आपल्याबद्दल जास्त सांगतं.

हा रिकामटेकडा विषय नाही. कॅनडाच्या पीआरसाठी सीएलबी ९ ही पातळी गाठायची तर लिसनिंगला ८ आणि रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगला प्रत्येकी ७ बँड लागतात. ब्रिटनमध्ये नर्सेसची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल रायटिंगलाही ७ मागायची. २०१८मध्ये तिनं ती अट ६.५वर आणली आणि बाकी तिन्हींची ७वरच ठेवली. म्हणजे अर्ध्या बँडसाठी एका देशाच्या नोंदणी संस्थेला नियम बदलावा लागला. ज्यांनी फीसाठी पगार साठवलाय, घरी ‘यंदा जाईनच’ असं सांगून ठेवलंय, त्यांच्यासाठी हा अर्धा बँड म्हणजे आयुष्यातलं एक वर्ष असतं. ते वर्ष ज्या २५० शब्दांवर ठरतं, ते शब्द एकदा नीट वाचायला हवेत.

प्रश्नातून जग कसं गेलं

परभाषकांसाठी केंब्रिजनं इंग्रजीची पहिली परीक्षा १९१३मध्ये घेतली. नाव ‘सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशिअन्सी इन इंग्लिश’. सुमारे बारा तासांची परीक्षा. तीत भाषांतर होतं, व्याकरण होतं, ध्वनिशास्त्र होतं, इंग्रजी साहित्य होतं आणि दोन तासांचा निबंध होता. तीन उमेदवार बसले आणि तिघंही नापास झाले. निबंधासाठी दिलेल्या विषयांत मॅथ्यू आर्नल्ड होता, एलिझाबेथच्या काळातले प्रवास आणि शोध होते, आणि ‘द इंडियन म्यूटिनी’ हाही एक विषय होता.

या शेवटच्या विषयापाशी मराठी वाचक थबकणारच. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७मध्ये छापून आलं. केंब्रिजच्या त्या पेपराच्या सहा वर्षं आधी. या विषयावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकेल असा एक माणूस मराठीत लिहून गेला होता, आणि त्या परीक्षेच्या जगात त्याचा कुणाला पत्ता असण्याचं कारण नव्हतं. त्या पेपराला ज्ञान हवं होतं, पण ते इंग्रजांच्या ग्रंथालयातलं. आर्नल्ड वाचला नसेल तर तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, लिहिणार काय?

हा अन्याय पुढे हळूहळू कमी होत गेला. ध्वनिशास्त्र गेलं, भाषांतर गेलं, साहित्याची सक्ती गेली. १९८०मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी ईएलटीएस ही नवी परीक्षा आली, तेव्हा तिच्यात वैद्यक, तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रं असे शाखांनुसार वेगळे विभाग होते. १९८९मध्ये तिची आयईएलटीएस झाली आणि ॲकॅडमिक बाजूच्या शाखांचे तीनच गट उरले. १९९५पासून तेही गेले. आता डॉक्टर, इंजिनिअर आणि इतिहासाचा विद्यार्थी, सगळ्यांना एकच ॲकॅडमिक पेपर.

हे चांगल्या हेतूनं झालं आणि योग्यच झालं. लिमा, लागोस आणि लातूर इथल्या उमेदवारांना एकाच मापानं मोजायचं तर प्रश्नात असं काहीच ठेवता येत नाही, जे एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही. मग उरतात ते सर्वांना लागू होणारे विषय: शहर की खेडं, मुलांच्या हातातला फोन, सार्वजनिक वाहतूक, जाहिराती, वृद्धांची काळजी. १९१३च्या प्रश्नात एकाच देशाचं जग ठासून भरलेलं होतं. आजच्या प्रश्नात कुठलंच जग नाही. प्रश्न न्याय्य झाला आणि त्याच कारणानं पोकळ झाला.

पण ही पोकळी प्रश्न काढणाऱ्यांच्या लक्षात आलेली नाही, असं नाही. प्रत्येक टास्क टूच्या खाली एक ओळ छापलेली असते. तिचा मतितार्थ असा, की उत्तरासाठी कारणं द्या आणि तुमच्या स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. तयारी करणाऱ्यांनी ही ओळ इतक्या वेळा पाहिलेली असते की ती दिसेनाशी होते. माझ्या मते सगळा पेपर या एका ओळीवर उभा आहे. प्रश्नातून काढलेलं जग उत्तरात परत आणायची परवानगी या ओळीनं दिलीय. झाशी नाही विचारलेली, पण तुम्ही झाशीत होतात तर सांगा, असं ती म्हणते.

आणि नेमक्या याच ओळीचं आपण काय करतो?

न झालेली पाहणी

नमुना-निबंध साधारण असा सुरू होतो. (मराठीत मांडतोय, इंग्रजीत तुम्ही तो वाचलेला आहेच.)

‘आजच्या धावपळीच्या युगात वृद्धांची काळजी हा एक ज्वलंत प्रश्न बनला आहे. काहींच्या मते ही कुटुंबाची जबाबदारी आहे, तर काहींच्या मते सरकारची. या निबंधात दोन्ही बाजूंची चर्चा करून तर्कशुद्ध निष्कर्ष काढला जाईल. प्रथमतः, कुटुंब हा समाजाचा कणा आहे. उदाहरणार्थ, एका नामवंत विद्यापीठाच्या अलीकडील पाहणीनुसार कुटुंबात राहणारे ७० टक्के वृद्ध अधिक आनंदी असतात. शिवाय...’

ही पाहणी कुठंही झालेली नाही. ती मी आत्ता तयार केली. नमुना-निबंधांतल्या पाहण्या बहुतेक अशाच तयार होतात. क्लासमध्ये, व्हिडिओंमध्ये हे उघडपणे सांगितलं जातं: उदाहरण सुचत नसेल तर एखादा सर्व्हे ठोकून द्या, एक टक्केवारी टाका, परीक्षक तपासायला जात नाही. सल्ला चुकीचा म्हणता येत नाही. आयईएलटीएसच्या रायटिंगचे निकष चार: प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, सुसंगती आणि जोडणी, शब्दसंपत्ती, व्याकरणाचा आवाका आणि अचूकता. ‘हे खरं आहे का?’ असा पाचवा निकष नाही. भाषेच्या परीक्षेत तो असूही शकत नाही.

माझ्या धंद्यात याला ओळखीचं रूप आहे. कोडला पाच टेस्ट केसेस पास करायच्या असतात. एखादा पठ्ठ्या प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी त्या पाच इनपुटची पाच उत्तरंच कोडमध्ये लिहून ठेवतो. सगळ्या टेस्ट हिरव्या. सहावं इनपुट आलं की प्रोग्रॅमकडे सांगायला काहीच नसतं. खोटी पाहणी हे तसं लिहून ठेवलेलं उत्तर आहे. वृद्धांचा प्रश्न आला तरी ७० टक्के, फोनचा आला तरी ७० टक्के, प्लॅस्टिकचा आला तरी ७० टक्के.

असले निबंध कुठवर जाऊ शकतात हे अमेरिकेत लेस पेरेलमन यांनी दाखवून दिलं. ते एमआयटीत लेखन शिकवायचे. २००५मध्ये सॅट परीक्षेत निबंध आला, तेव्हा त्यांनी प्रसिद्ध झालेले नमुने पाहून सांगितलं, की निबंध जितका लांब तितके गुण जास्त, आणि त्यातली माहिती चुकीची असली तरी फरक पडत नाही. पुढे त्यांनी काही विद्यार्थ्यांबरोबर ‘बेबल’ नावाचा प्रोग्रॅम केला. त्याला दोन-तीन शब्द द्यायचे, तो भारदस्त शब्दांचा आणि शून्य अर्थाचा निबंध तयार करायचा. निबंध तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं अशा निबंधांना भरघोस गुण दिले. आयईएलटीएसचा निबंध माणूस तपासतो, त्यामुळे हा प्रयोग तिला जसाच्या तसा लागू होत नाही. पण बेबल जे करत होता, तेच हाडामासाच्या उमेदवारांना शिकवलं जातं, एवढं नक्की. आता तर चॅटबॉट असा निबंध काही सेकंदांत लिहून देतो, तोही चुका न करता. जे यंत्राला आपल्यापेक्षा बरं जमतं, ते पाठ करण्यात आपण महिने घालवतोय.

याच परीक्षेतला स्पीकिंगचा भाग वेगळा का वाटतो, हेही यावरून कळतं. तो ११ ते १४ मिनिटांचा असतो, पण समोर माणूस असतो. तुम्ही म्हणालात, ‘मला आजी आवडते,’ तर तो पुढचा प्रश्न विचारू शकतो. ठोकलेली आजी दुसऱ्या प्रश्नाला अडखळते. निबंधात हा दुसरा प्रश्न विचारणारं कुणी नसतं. तो लिहिणाऱ्यानंच स्वतःला विचारायचा असतो, आणि तोच नेमका तयारीतून वगळलेला असतो.

निकषांचं गद्य

परीक्षकांना दिलेली बँडची वर्णनं इंटरनेटवर कुणालाही वाचायला मिळतात. माझा आग्रह आहे की ती वाचावीत. गुण कसे कापतात हे शोधायला म्हणून नव्हे, तर समीक्षा म्हणून. नमुना-निबंधांपेक्षा ती कितीतरी चांगली लिहिलेली आहेत. कोरडी आहेत, ‘क्वचित’, ‘अधूनमधून’, ‘काही’ अशा शब्दांनी एका बँडला दुसऱ्यापासून वेगळं काढतात. पण चांगलं गद्य म्हणजे काय याची पक्की कल्पना त्यांच्यामागे आहे.

जोडणीचा निकष घ्या. क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात जोडशब्दांची यादी मिळते: प्रथमतः, शिवाय, याउलट, सारांश. प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी एक बसवायचा. वर्णनं काय म्हणतात? सहाव्या बँडच्या वर्णनात जोडणी यांत्रिक असू शकते असं म्हटलंय. नवव्या बँडमध्ये जोडणी अशी असते की तिच्याकडे जवळजवळ लक्षच जात नाही. म्हणजे यादी जे शिकवते, तेच वर्णनाच्या लेखी वर न जाण्याचं कारण आहे. चांगल्या सुतारानं केलेल्या खुर्चीचा सांधा शोधावा लागतो. आपल्याला मात्र प्रत्येक सांध्यावर लाल रंग लावायला शिकवलं जातं, सांधा आहे हे परीक्षकाला दिसावं म्हणून.

शब्दसंपत्तीचंही तसंच. वरच्या बँडमध्ये कमी वापरातले शब्द हवेत, हे खरं. म्हणून लोक समानार्थी शब्दांची कोष्टकं पाठ करतात आणि साध्या ‘खूप’च्या जागी भरजरी शब्द घालतात. पण वर्णनात त्याच दमात शैलीचं आणि शब्दांच्या सोबतीचं भान मागितलेलं आहे. कुठला शब्द कुणाशेजारी बसतो, हे कोष्टकातून येत नाही. ते त्या गोष्टीशी रोज संबंध आला की येतं.

या परीक्षेचं एक देणंही कबूल करायला हवं. दुसऱ्याची बाजू आधी नीट मांड, मग तुझं मत सांग, आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेव, ही शिस्त मला शाळेत मराठीच्या तासाला मिळाली नव्हती, इंजिनिअरिंगला तर नाहीच. आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणुकीच्या काळात जे चालतं ते आठवा. समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत एका परिच्छेदात मांडायचं, एवढी एकच अट तिथं घातली तर ग्रुप दोन दिवस शांत होईल.

फाटक्या पुस्तकापासून

मग स्वतःच्या अनुभवाची ओळ आपल्याला दिसत का नाही? सगळा दोष क्लासवर टाकून चालणार नाही. क्लासनं जे पेरलं त्यासाठी जमीन शाळेत तयार झालेली होती.

आपण निबंध शिकलो ते कुणाच्या तरी तोंडून बोलायला. फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त, शेतकऱ्याचं मनोगत, मी पंतप्रधान झालो तर, विज्ञान शाप की वरदान. शेतकऱ्याच्या घरातला मुलगासुद्धा शेतकऱ्याचं मनोगत गाईडमधून पाठ करायचा, कारण गाईडमधला शेतकरी ‘बळीराजा’ असायचा आणि घरातला शेतकरी बोअरला पाणी लागलं नाही म्हणून चिडलेला असायचा. पहिला गुण मिळवून देणारा, दुसरा नुसताच खरा. आपला अनुभव हा निबंधाचा ऐवज नाही, हे आपण दहावीच्या आधीच शिकलेलो असतो. ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ या वाक्याचं इंग्रजी भाषांतर म्हणजेच ‘आजच्या धावपळीच्या युगात’. टेम्प्लेट आपल्यावर लादलेलं नाही, ते आपल्याला घरच्यासारखं वाटतं.

इंग्रजीत त्यात आणखी एक भर पडते. मराठीत जगलेलं आयुष्य इंग्रजी निबंधात पुरावा म्हणून चालेल, यावर आपला विश्वासच नसतो. सार्वजनिक वाहतुकीवर निबंध आला की खेड्यातून शिकलेला मुलगाही युरोपातल्या एखाद्या शहराची ट्राम आणतो, जी त्यानं पाहिलेली नसते. २०२१-२२च्या संपात एसटी कित्येक महिने बंद होती, तेव्हा गावातून तालुक्याला शाळा-कॉलेजला जाणाऱ्यांचं काय झालं, हे त्याला आतून माहीत असतं. सरकारनं पैसा रस्त्यांवर घालावा की बसवर, या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण नाही. रस्ता होता, गाडी नव्हती. पण ते त्याला सुचत नाही. सुचलं तरी ‘लोकल’ वाटतं.

मराठी निबंधाची दुसरी परंपरा मात्र याच्या बरोबर उलट आहे, आणि ती आपल्याला शाळेत फारशी भिडली नाही. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा पंढरीच्या वारीवरचा लेख घ्या. त्या मानववंशशास्त्रज्ञ, माहिती त्यांच्याकडे भरपूर. पण लेखाचा युक्तिवाद पायी चालण्यातून येतो. ज्या दिंडीबरोबर त्या चालल्या, तिच्यात ब्राह्मण आणि मराठे एकच अभंग गात एकत्र चालायचे आणि जेवायला मात्र वेगळे बसायचे. हे त्या पाहतात, त्याचा त्यांना त्रास होतो, त्या दोन्हीकडे जाऊन-येऊन राहतात. आणि याच वाटेवर त्यांना महाराष्ट्राची एक व्याख्या सापडते: ज्या प्रदेशातली माणसं पंढरीला येतात तो महाराष्ट्र. जोडणारी वाट आणि वेगळी पंगत, दोन्ही बाजूंची चर्चा आणि स्वतःचं मत, सगळं त्यात आहे. टास्क टूच्या तळाशी छापलेली ओळ जे मागते, ते हेच. फक्त २५० शब्दांत आणि परक्या भाषेत.

अजून दोन दिवस ठेवा

हे परीक्षेच्या ४० मिनिटांत होऊ शकतं का? माझी एक मैत्रीण नर्स आहे आणि ब्रिटनला जाण्यासाठी तयारी करतेय. वृद्धांच्या काळजीच्या प्रश्नावर तिनं लिहिलेला पहिला निबंध मी तपासायला घेतला. त्यात ७० टक्के वृद्ध आनंदी होते. मी समासात एवढंच लिहिलं: तुला कसं माहीत? तिनं दुसऱ्या दिवशी तोच परिच्छेद नव्यानं लिहून पाठवला. त्याचा आशय असा:

‘मी ज्या वॉर्डात काम करते तिथं डिस्चार्जचा कागद तयार झाला की काही नातेवाईक म्हणतात, अजून दोन दिवस ठेवा. ते निर्दय नसतात. मुलगा आणि सून दोघंही सकाळी आठला कामावर जातात, आणि आईची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. ती बदलली नाही तर बेडसोअर होतात आणि ती पुन्हा आमच्याकडे येते.’

व्याकरणाच्या दोन चुका होत्या, त्या दुरुस्त झाल्या. बाकी निकषांनी बघू. जोडशब्द एकही नाही, तरी वाक्यं एकमेकांना धरून आहेत, कारण घटनाच तशी घडते. ‘डिस्चार्ज’, ‘बेडसोअर’, कूस बदलण्यासाठीचं नेमकं इंग्रजी क्रियापद, हे सगळे कमी वापरातले शब्द आणि एकही कोष्टकातला नाही; ते तिच्या ड्युटीतले आहेत. टक्केवारी नाही, तरी पहिल्या परिच्छेदापेक्षा पुरावा कितीतरी जड आहे.

पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते पुढे झालं. पहिल्या निबंधात तिचं मत ‘जबाबदारी कुटुंबाची’ असं होतं, कारण क्लासमध्ये सांगितलेलं असतं की जी बाजू लिहायला सोपी ती घ्या. वॉर्डाचा परिच्छेद लिहून झाल्यावर ते मत टिकेना. कुटुंब तयार आहे, पण दिवसा घरात कुणी नाही, हे तिनं स्वतःच लिहून ठेवलं होतं. मग निष्कर्ष बदलला: काळजी घरीच व्हावी, पण दिवसाच्या मदतनीसाची सोय सरकारनं करावी. दोन्ही बाजूंची चर्चा म्हणजे पन्नास टक्के इकडे आणि पन्नास टक्के तिकडे नव्हे. चर्चा करताना आपलं मत हलू शकतं, यासाठी ती असते. पाठ केलेल्या निबंधात हे कधीच घडत नाही. तिथं मत पहिल्या ओळीआधीच ठरलेलं असतं आणि शेवटच्या ओळीनंतर कुणाचंच राहत नाही.

यावर एक खरा आक्षेप आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याला परीक्षेची फी पुन्हा भरणं परवडणार नाही, त्याला ‘स्वतःचं लिही’ म्हणणं सोपं आहे. टेम्प्लेट म्हणजे पोहता न येणाऱ्याच्या कमरेचा डबा. तो काढून घेण्याचा अधिकार मला कुणी दिला? हा आक्षेप मी मानतो. वाक्यच उभं राहत नसेल तेव्हा साचा आधार देतो, आणि आधारानं सुरुवात करण्यात कमीपणा नाही. शाळेपासून इंग्रजी कानावर पडलेल्याला अनुभव सांगणं सोपं जातं, पहिल्यांदाच इंग्रजीत विचार करणाऱ्याला नाही, हेही खरं. पण डबा बांधायचा तो कधीतरी सोडण्यासाठी. जे वरच्या बँडसाठी तिसऱ्यांदा परीक्षेला बसतायत आणि तिसऱ्यांदाही तीच पाहणी लिहितायत, त्यांना तो डबा खोल पाण्यात जाऊच देत नाही.

आणि परीक्षा झाल्यावरही हे संपत नाही. व्हिसाला लागणारं पत्र, मुलाखतीतलं उत्तर, परदेशातल्या ऑफिसात ‘तुला काय वाटतं?’ असा मीटिंगमध्ये आलेला प्रश्न, सगळीकडे हाच टास्क टू असतो. तिथं समोर माणूस असतो आणि तो दुसरा प्रश्न विचारतो.

म्हणून तयारी करणाऱ्या मित्रांना मी आता दुरुस्त्या कमी करून देतो. ‘शिवाय’ खोडत नाही, ‘धावपळीचं युग’सुद्धा कधीकधी तसंच सोडतो. फक्त जिथं उदाहरण आहे तिथं समासात तेच तीन शब्द लिहितो. उत्तर म्हणून काही जण एखादी लिंक पाठवतात, काही जण चिडतात. मैत्रिणीसारखे काही जण परिच्छेद नव्यानं लिहितात. त्यात वॉर्ड येतो, एसटी स्टँड येतो, बोअरवेलची गाडी येते. इंग्रजी तेवढंच असतं, पण वाचताना पहिल्यांदाच कळतं की हा निबंध कुणी लिहिलाय.